रांग बदलली की नंबर जातो

गेल्या मार्चमध्ये माझ्या मॅनेजरने स्क्रीन शेअर करून मला एक एक्सेल शीट दाखवली. प्रमोशनसाठी पात्र असलेल्यांची यादी. त्याने फिल्टर लावला, माझं नाव गायब झालं. फिल्टर काढला, नाव परत आलं.

"तुझ्या कामाबद्दल कुणाची काही तक्रार नाही," तो म्हणाला. "फक्त नव्या रोलमध्ये तुझे बारा महिने पूर्ण नाहीत. सिस्टीम घेत नाही."

या कंपनीत मला पाच वर्षं झाली. त्यातले शेवटचे सात महिने प्लॅटफॉर्म टीममध्ये, त्याआधीचा सगळा काळ टेस्टिंगमध्ये. बदली मी स्वतः मागून घेतली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधून कंटाळा आला होता असं नाही, पण सर्व्हर रात्री तीनला का पडतो हे मला आतून बघायचं होतं. त्याच संध्याकाळी जुन्या टीमच्या मॅनेजरचा मेसेज आला : परत ये, पुढच्या सायकलला तुझं नक्की.

मी आईला फोन केला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "अगं, रांग बदललीस, नंबर गेला. त्यात नवीन काय?"

तिचं खरंच होतं. लग्नानंतर बरीच वर्षं ती एका जिल्ह्यात आणि बाबा दुसऱ्या जिल्ह्यात. शेवटी तिने आंतरजिल्हा बदली मागून घेतली. ही विनंती बदली, म्हणजे नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत थेट तळाला. पगार कमी झाला नाही, आधी शिकवलेले वर्ग कुणी पुसले नाहीत, पण यादीपुरती ती आजच नोकरीला लागल्यासारखी झाली. तिच्यानंतर डीएड झालेली माणसं तिच्याआधी मुख्याध्यापक झाली.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला एक नौदल अधिकारी आठवला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी अणुभट्ट्यांबद्दल वाचता वाचता मी त्याच्या गोष्टीत अडकले होते. हायमन रिकोव्हर. 'अणुशक्तीवर चालणाऱ्या नौदलाचा जनक' म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा मी अणुभट्टीसाठी वाचलं होतं. आता पुन्हा वाचायला घेतलं, ते त्याच्या प्रमोशनसाठी.

जहाजावरच्या दोन जाती

गोष्ट कळायला आधी अमेरिकन नौदलातली एक रेघ समजून घ्यावी लागते. नौदलात 'लाइन' ऑफिसर म्हणजे ज्यांना जहाजाची कमान मिळू शकते ते. शिडांच्या काळात हे सोपं होतं. एकोणिसाव्या शतकात जहाजावर वाफेचं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर इंजिनिअर आला. त्याच्यासाठी वेगळा इंजिनिअर कोअर होता. जहाज त्याच्या इंजिनावर चालायचं, पण कमान त्याच्याकडे कधीच येणार नव्हती. वर डेकवरचे आणि खाली बॉयलरपाशी काळे होणारे, असं हे भांडण कित्येक वर्षं चाललं. पद, मान आणि हुकूम द्यायचा अधिकार, सगळ्यावरून.

१८९७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट नौदल खात्याचा सहायक सचिव होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. हे भांडण मिटवण्यासाठी नेमलेल्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. त्याचं म्हणणं साधं होतं : आधुनिक युद्धनौकेवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला, आवडो न आवडो, इंजिनिअर व्हावंच लागतं. मग दोन जाती हव्यात कशाला? ३ मार्च १८९९ च्या कायद्याने इंजिनिअर कोअर बरखास्त झाला आणि त्यातले अधिकारी लाइनमध्ये घेतले गेले.

कागदावर न्याय झाला. पण सगळ्यांनी सगळं करायचं ठरलं की एखाद्या गोष्टीत खोल उतरणारे कमी होतात. दोन-तीन वर्षं इंजिनावर, मग तोफांवर, मग पुलावर. अशा फिरतीतून जहाजांची यंत्रं डिझाइन करणारा माणूस तयार होईना. म्हणून १९१६ मध्ये कायद्याने एक नवी वाट काढली : 'इंजिनिअरिंग ड्यूटी ओन्ली'. ज्याला फक्त अभियांत्रिकीच करायची आहे, त्याने ही वाट धरावी. तो लाइनचाच अधिकारी राहील, पण समुद्रावर जहाजाची कमान त्याला मिळणार नाही.

त्याच कायद्याने आणखी एक मोठा बदल केला. लाइनमधल्या वरच्या हुद्द्यांसाठी नुसती ज्येष्ठता पुरणार नव्हती. वरिष्ठ अधिकाऱ्यांचं निवड मंडळ बसणार आणि कुणाला वर घ्यायचं ते ठरवणार. मंडळाची चर्चा गुप्त, आणि ज्याला घेतलं नाही त्याला कारण सांगायचं बंधन नाही.

हे वाचताना मी थांबले. 'ओन्ली' हा शब्द कुणीतरी फॉर्मवर लिहिला तेव्हा त्याला ती सोय वाटली असणार. पण तो शब्द दोन्हीकडून कापतो. फक्त हेच काम कर, आणि तुला फक्त हेच मिळेल.

तीन महिन्यांचा कप्तान

रिकोव्हर पोलंडमधल्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. लहानपणी कुटुंबाबरोबर तो अमेरिकेत आला, शिकागोत वाढला, शाळेत असताना तारा पोचवायचं काम केलं. १९२२ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडला, ५४० जणांत १०७ वा. पुढे कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतली. पाणबुड्यांवर काम केलं, पाणबुडीची कमान घ्यायला पात्रही ठरला, पण पाणबुडी कधी मिळाली नाही.

१९३७ च्या जुलैमध्ये त्याला पहिली आणि शेवटची कमान मिळाली. 'फिंच' नावाची जुनी सुरुंग काढणारी बोट, चीनच्या किनाऱ्यावर. त्याच उन्हाळ्यात जपान आणि चीनचं युद्ध पेटलं होतं. पण जेमतेम तीन महिन्यांत रिकोव्हर बोटीवरून उतरला, कारण त्याने मागितलेली बदली मंजूर झाली होती. ऑक्टोबर १९३७ पासून तो 'इंजिनिअरिंग ड्यूटी ओन्ली' झाला.

कमानीची वाट त्याने स्वतः बंद केली. पण त्याला जे काम हवं होतं ते त्या दाराच्या पलीकडेच होतं. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या विजेच्या यंत्रणेचा विभाग त्याच्याकडे आला. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात बुडालेल्या 'कॅलिफोर्निया' युद्धनौकेची वीजयंत्रणा पुन्हा चालू करण्याच्या कामासाठी तो तिथे गेला. युद्ध संपेपर्यंत तो कॅप्टन झाला होता.

१९४६ मध्ये नौदलाने काही अधिकाऱ्यांना टेनेसीतल्या ओक रिजला पाठवलं. अणुशक्तीवर जहाज चालेल का, हे बघायला. त्यांत रिकोव्हर होता. १९४९ पर्यंत त्याच्या डोक्यावर दोन टोप्या आल्या : एक नौदलाच्या जहाजबांधणी खात्याची, दुसरी अणुऊर्जा आयोगाची. अडचण आली की तो एका टोपीतून पत्र लिहायचा आणि दुसऱ्या टोपीतून स्वतःच मान्य करायचा, असं सांगतात. हे ज्यांनी पाहिलं त्यांना तो माणूस आवडत नसणार, हे समजू शकतं.

जुलै, आणि पुन्हा जुलै

जुलै १९५१ मध्ये कॅप्टनमधून रीअर ॲडमिरल निवडायला मंडळ बसलं. मंडळात बहुसंख्य लाइनचे ॲडमिरल, थोडे इंजिनिअर. 'ओन्ली'वाल्यांसाठी जागाही मोजक्याच. रिकोव्हरचं नाव यादीत आलं नाही.

पुढच्या वर्षी १४ जून १९५२ ला कनेक्टिकटमधल्या ग्रॉटनला 'नॉटिलस' या जगातल्या पहिल्या अणुपाणबुडीचा पाया घातला गेला, तो राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते. जुलैमध्ये नौदल सचिवांनी रिकोव्हरला पदक दिलं. त्याच जुलैमध्ये मंडळ पुन्हा बसलं, आणि त्याचं नाव पुन्हा आलं नाही.

नियम स्पष्ट होता. दोनदा डावललेल्या कॅप्टनने, सेवेची ठरलेली वर्षं भरली की, घरी जायचं. रिकोव्हरची तारीख होती ३० जून १९५३. पाणबुडी तेव्हा पाण्यातसुद्धा उतरलेली नसणार होती.

का डावललं? मंडळाची चर्चा गुप्त, त्यामुळे कारण कागदावर नाही. तो उद्धट होता, हुद्द्यांची उतरंड मानत नव्हता, वरिष्ठांना अडवून धरत होता, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. तो ज्यू होता म्हणून हे झालं, असंही तेव्हा बोललं गेलं. पण मला एक तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ॲडमिरल कसा असावा याचं चित्र मंडळातल्या बहुतेकांच्या डोक्यात होतं, आणि ते समुद्रावर जहाजं चालवून तयार झालेलं होतं. एका माणसाने अख्खं इंधन बदलण्याचं काम केलं असेल, पण ते त्या चित्रात कुठे बसवायचं? मंडळाला ते काम दिसत नव्हतं असं नाही. ते मोजायची पट्टी त्यांच्या हातात नव्हती.

आणि नौदलाची बाजूही मला खोटी वाटत नाही. एका माणसासाठी नियम वाकवला की उद्या प्रत्येक जण खासदाराची चिठ्ठी घेऊन येईल. निवड मंडळ हवं होतं ते वशिला थांबवायलाच.

वाळवंटातली समुद्रयात्रा

१९५३ उजाडलं आणि प्रकरण काँग्रेसमध्ये गेलं. फेब्रुवारीत इलिनॉयचे प्रतिनिधी सिडनी येट्स यांनी सभागृहात प्रश्न उचलला. सिनेटमध्ये हेन्री जॅक्सन यांनी आवाज दिला. नौदलातल्या बढत्यांना सिनेटची मंजुरी लागते, आणि लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांच्या सिनेट समितीने बढतीची अख्खी यादी रोखून धरली. म्हणजे एका कॅप्टनमुळे ज्यांची निवड झाली होती तेही अडकले.

याच महिन्यांत, समुद्रापासून शेकडो मैल दूर, आयडाहोच्या वाळवंटात पाणबुडीच्या सांगाड्यात बसवलेली नमुना अणुभट्टी उभी होती. ३० मार्च १९५३ ला ती पहिल्यांदा सुरू झाली. जूनच्या शेवटी तिची मोठी चाचणी होती. एक दिवस झाल्यावर चाचणी थांबवायला पुरेशी माहिती मिळाली होती. रिकोव्हरने थांबू दिलं नाही. भिंतीवर अटलांटिकचा नकाशा लावला गेला आणि भट्टीने निर्माण केलेल्या शक्तीवर पाणबुडी किती पुढे गेली असती, ते त्यावर मांडत गेले. जवळपास १०० तासांनी वाळवंटातली ती न हललेली पाणबुडी नकाशावर आयर्लंडला पोचली.

ती ३० जूनची तारीख आठवा. ज्या आठवड्यात त्याला घरी जायचं होतं, त्याच्या तोंडावर हे चाललं होतं.

तोवर नौदल सचिव रॉबर्ट अँडरसन यांनी तोडगा काढला होता. आधी एक मंडळ अभियांत्रिकी कॅप्टनला आणखी एक वर्ष सेवेत ठेवायची शिफारस करणार. मग नेहमीचं निवड मंडळ बसणार, आणि त्याला सूचना अशी की निवडलेल्या अभियांत्रिकी अधिकाऱ्यांत एक जण जहाजांच्या अणुशक्तीचा अनुभव असलेला हवा. त्या वर्णनात बसणारा माणूस व्यवहारात एकच होता. आपल्याकडे नोकरीची जाहिरात आधीच ठरलेल्या उमेदवाराच्या मापाने निघते, तसंच हे. जुलै १९५३ मध्ये रिकोव्हर रीअर ॲडमिरल झाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा, कॉलेजात, मला हा शेवट म्हणजे न्याय वाटला होता. आता वाटतं, नियम जागच्या जागी राहिला. 'ओन्ली'वाल्यांची वाट रुंद झाली नाही. एका माणसासाठी वेगळं दार काढलं गेलं, कारण त्याच्या मागे काँग्रेस आणि वर्तमानपत्रं उभी होती. ज्यांच्या मागे कुणी नव्हतं, असे किती कॅप्टन त्या वर्षांत मुकाट घरी गेले असतील, त्यांची नावं आपल्याला कुठे माहीत आहेत?

मग तोच दारात बसला

१७ जानेवारी १९५५ ला 'नॉटिलस' अणुशक्तीवर समुद्रात निघाली. ऑगस्ट १९५८ मध्ये ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. रिकोव्हर १९५८ मध्ये व्हाइस ॲडमिरल, १९७३ मध्ये ॲडमिरल झाला. निवृत्तीचं वय उलटल्यावरही त्याला मुदतवाढ मिळत राहिली. १९८२ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा सेवेला ६३ वर्षं झाली होती.

पण मला गंमत वाटते ती त्याने बसवलेल्या पद्धतीची. अणुपाणबुडीवर अधिकारी व्हायचं असेल तर रिकोव्हरची मुलाखत पार करावी लागायची. हजारो तरुण अधिकारी त्या खोलीतून गेले. समोरच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असायचे, म्हणजे उमेदवार सारखा पुढे घसरत राहावा. तिथे नाकारला गेलेला अणुपाणबुडीची कमान कधीच घेऊ शकणार नव्हता. १९५१ मध्ये लाइनचे ॲडमिरल इंजिनिअरचं भवितव्य ठरवत होते. वीस वर्षांत लाइनच्या अधिकाऱ्याचं भवितव्य एक इंजिनिअर ठरवू लागला. तो स्वतः कधी नौदलप्रमुख होऊ शकला नसता. पण तो गेला त्याच वर्षी, १९८२ मध्ये, जेम्स वॉटकिन्स नौदलप्रमुख झाले, आणि ते त्याच्या हाताखाली तयार झालेले अणुपाणबुडीवाले. त्यांच्यानंतरचे दोन प्रमुखही अणुपाणबुडीवालेच.

आणि हे दार त्याने काही फार सौम्यपणे सांभाळलं नाही. त्याला आवडलं नाही की माणूस बाहेर. कारण सांगायचं बंधन त्याच्यावरही नव्हतं. १९८५ मध्ये, पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल नौदलाने त्याला लेखी ठपका दिला. संत वगैरे तो नव्हताच.

भुशी डॅमच्या वाटेवर

पावसाळ्यात भुशी डॅमला गेलेल्यांना लोणावळ्यातलं आयएनएस शिवाजी माहीत असेल. १९४५ पासून इथे नौदलाचे इंजिनिअर घडतात. आपल्याही नौदलात युद्धनौकेची कमान एक्झिक्युटिव्ह शाखेकडे असते, आणि नौदलप्रमुखही त्याच शाखेतून होतात. जहाज इंजिनिअरशिवाय हलत नाही आणि इंजिनिअर जहाजाचा कप्तान होत नाही. त्यामागे कारणं आहेत. लढाईत जहाज कसं वळवायचं हे शिकायला आयुष्य जातं, तसं इंजिन शिकायलाही जातं. दोन्ही एकाला जमेलच असं नाही, हे १८९९ नंतर अमेरिकेने करून पाहिलंच.

म्हणून रांगा असणं हा अन्याय आहे असं मला म्हणता येत नाही. आईच्या बाबतीतही नाही. बाहेरून आलेली माणसं ज्येष्ठतेसकट वर बसली, तर त्या जिल्ह्यात दहा वर्षं थांबलेल्या शिक्षकांनी काय करायचं? नियम त्यांच्यासाठी केलेला होता. पण नियम करताना जी माणसं समोर होती, ती आज समोर नसतात. आज रांग बदलणाऱ्याचं आधीचं काम कोण वाचणार, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नसतो.

आईला मी रिकोव्हरची सगळी गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "बोट सोडल्याचं त्याला वाईट वाटलं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी तिला विचारलं, "तुला?"

"मुख्याध्यापक झाले नाही याचं वाटतं कधीकधी," ती म्हणाली. "पण तू पहिलीत होतीस. रोज घरी यायचे मी."

मी जुन्या टीमला नाही कळवलं. त्यात शौर्य काही नाही. रात्री तीनला सर्व्हर का पडतो, हे आता मला थोडं थोडं कळायला लागलं आहे, आणि ते सोडवत नाही. फक्त एचआरला एक मेल लिहिला : रोल बदललेल्या माणसाचं आधीच्या टीममधलं काम प्रमोशनच्या बैठकीत कोण मांडतं? उत्तर आलं, चांगला मुद्दा आहे, पुढच्या सायकलला बघू. माझ्यामागे सिनेट नाही, त्यामुळे एवढ्यावर थांबले आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा विचारणार आहे.

गेल्या आठवड्यात सपोर्ट टीममधला एक मुलगा डब्याच्या वेळी शेजारी येऊन बसला. त्याला आमच्या टीममध्ये यायचंय. काम कसं आहे, शिकायला मिळतं का, असं विचारत होता. मी म्हटलं, काम मस्त आहे, सगळं सांगते. पण आधी लॅपटॉप उघड, तुला एक शीट दाखवते. आणि मी फिल्टर लावून दाखवला.